दोन गावच्या सुया

मी संशयी आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. अकोल्याच्या जमीन मोजणीच्या कचेरीत खिडकीमागे बसून जिनं अर्धी उमर काढली, ती बाई भोळी राहील तरी कशी? समोर सख्खे भाऊ उभे राहतात, एकानं दुसऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरून आपल्या वावरात घातलेला असतो, आणि दोघंही मला सांगतात की बाई, आमचं तसं काही नाही, आमचं लय पटते. पटतं तर मोजणीचा अर्ज कशाला, असं मी तोंडावर विचारत नाही. मनात मात्र म्हणते, पाणी कुठंतरी मुरतंय.

आमच्या खिडकीवरचं निम्मं भांडण मापांचं असतं. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं हेक्टर आणि आर, शेतकऱ्याच्या तोंडात एकर आणि गुंठे. एका एकराचे गुंठे चाळीस, एका हेक्टरचे आर शंभर, आणि एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. गुंठा आणि आर दिसायला जुळे भाऊ, पण गुंठा आरापेक्षा तेरा चौरस फुटांनी मोठा निघतो, आणि तेवढ्यावरून माणसं टेबलावर हात आपटतात. आमचे तेरा फूट कोणी चोरले, म्हणतात. मी सांगते, कोणी चोरले नाहीत हो, माप बदललं. नुसता आकडा सांगू नका, कशातला आकडा ते सांगा. हे मी दिवसभर इतकं बोलते की आमचे हे घरी मला त्यावरून चिडवतात.

तर गोष्ट मायची आहे. आमचे वडील शुगरनं गेले. आधी पायाचं बोट, मग पाय, मग किडन्या. शेवटी शेवटी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुढं मायलाही शुगर निघाली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं, ही अशी जाऊ द्यायची नाही. जग इकडचं तिकडं झालं तरी चालेल, मायची साखर आटोक्यात राहिली पाहिजे. बाकी कोणाला काय वाटतं याची मी फिकीर सोडून दिली.

चांदूर बाजारजवळचं आमचं गावातलं घर बंद झाल्यापासून माय दोन घरी राहते. दिवाळीपासून होळीपर्यंत अकोल्यात माझ्याकडे, बाकीचं वर्ष अमरावतीला मोठ्या भावाकडे. येताना तिच्यासोबत एक पिशवी असते, चार लुगडी असतात, आणि इन्सुलिनची बाटली असते, ती गार पाणी भरलेल्या थर्मासात प्लास्टिकच्या थैलीत बांधलेली. इन्सुलिन भरून टोचायच्या सुया मात्र ती आणत नाही. सुई एका घरातून दुसऱ्या घरात नेली की दोन्ही घरांत भांडण लागतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. आमच्या घरातून देव गेले, उपास गेले, नवस गेले, बाबासाहेबांच्या मागं सगळं गेलं, पण सुईचं हे एवढं मायच्या डोक्यातून गेलं नाही. आम्हीही म्हटलं, जाऊ द्या, म्हातारीचा शब्द. भावाकडे भावाच्या सुया, माझ्याकडे माझ्या. बाटली तेवढी दोन्ही गावं फिरायची.

आता कोडं ऐका. माझ्या घरी साखरेला बंदी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मेथीची भाजी, ताक, संध्याकाळी कॉलनीत फेरी. भावाकडे सगळा आनंद. रविवारी सकाळी दह्यातला गिला वडा यायचा, सणाला पुरणपोळी व्हायची, आणि वहिनी म्हणायची, मायले एखादी पोळी देल्यानं काय होते? एवढं असून मायची उपाशीपोटीची शुगर अमरावतीत एकशे तीसच्या आत, आणि माझ्याकडे येऊन पंधरा-वीस दिवस झाले की अडीचशेच्या वर. एक वर्ष असं झालं, मी म्हटलं हवापाण्याचा फरक असेल. दुसऱ्या वर्षीही तसंच झाल्यावर माझ्यातली खिडकीवरची बाई जागी झाली.

पहिला संशय अमरावतीच्या तपासणीवर. वहिनीनं तपासणीच्या आदल्या दिवशी मायला उपाशी ठेवून मग रक्त द्यायला नेलं असेल, किंवा आकडाच खोटा सांगितला असेल, आपलं घर चांगलं दिसावं म्हणून. मी भावाला तपासणीच्या कागदाचा फोटो पाठवायला लावला. कागद खरा होता. मग मी म्हटलं, कागद खरा, म्हणजे खोट माझ्याच घरात आहे. आणि एकदा घरात शोधायला लागलं की काय सापडत नाही? साखरेच्या डब्यावर मी आतून पेनानं रेघ मारली. गुळाची ढेप कपाटात कुलपात टाकली. आमचे हे चहात साखर घेतात, त्यांचा कप मी स्वतः धुवायला लागले, कारण तळाशी उरलेली साखर माय बोटानं चाटत असेल असं मला वाटलं. शेजारच्या दोन्ही घरी जाऊन सांगून आले की माझ्या आईला काही देऊ नका, प्रसादही नाही. त्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

मायची पिशवीही मी तपासली, ती अंघोळीला गेली असताना. मला खात्री होती की वहिनीनं खाली शेंगदाण्याचे लाडू दडवून दिले असणार. निघालं काय, तर चष्मा, तंबाखूची रिकामी डबी, वडिलांचा फोटो आणि एक सुपारी फोडायचा अडकित्ता.

शेवटी राहिली माय. मी तिच्याजवळ बोलायला म्हणून बसायची आणि तिच्या तोंडाचा वास घ्यायची. उशीखाली हात घालायची. मुंग्या कुठं जातात ते बघायची. तिला सरळ विचारलंही. आधी ती चिडायची, मी काई खाल्लं नाई वं, कावून मांग लागली माया? पण दर आठवड्याला मशीनमध्ये पट्टी घातली की आकडा माझ्या बाजूनं बोलायचा. मी तो आकडा तिच्यासमोर धरायची आणि म्हणायची, मग हे काय आहे? पुढं पुढं ती चिडायची बंद झाली. खाली बघायची. मला वाटलं, चोर पकडला.

इकडच्या डॉक्टरांनीही मला विचारलं होतं की इंजेक्शन कोण देतं, बरोबर भरता ना? मला राग आला. मी रोज सकाळी चष्मा लावून, खिडकीजवळ उभी राहून, हवेचा बुडबुडा काढून, बरोबर वीसच्या खुणेवर भरत होते. अमरावतीच्या डॉक्टरांनी वीस लिहून दिले होते, मी वीसच देत होते. सुयासुद्धा मी चांगल्यातल्या आणलेल्या. पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, सगळ्यात बारीक टोकाची द्या, माझ्या आईला टोचू नये. दुकानदारानं नारिंगी टोपणाच्या सुयांचं पाकीट पुढं केलं आणि विचारलं, बाटली कोणती आहे तुमच्याकडे? मी ओळखलं, हा आता आहे ती बाटली कशी जुनी झाली ते सांगणार आणि महागाची गळ्यात मारणार. मी म्हटलं, बाटलीचं आमचं आम्ही बघू, तुम्ही सुया द्या. त्यानं पाकीट पिशवीत टाकून दिलं. तेव्हापासून मी तेच पाकीट आणत होते.

साखर उतरत नाही म्हटल्यावर अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिल्या वर्षी वीसचे सत्तावीस केले, यंदा सत्तावीसचे चौतीस. चौतीसवर आकडा थोडा खाली आला, दोनशेच्या आत. मला बरं वाटलं. माय चोरून खाते खरी, पण आता औषध तिच्या चोरीला पुरून उरतंय, असा मी हिशेब लावला.

यंदाची होळी झाली आणि मायचा अमरावतीला जायचा दिवस आला. आधीच्या वर्षी वहिनीनं तिकडं गेल्यावर पुन्हा वीसच सुरू केले होते, मला न विचारता. या वेळी मी तिला फोनवर बजावलं की चौतीस म्हणजे चौतीस, डॉक्टरांनी लिहून दिलंय. ती म्हणाली, एवढे? इकडं तर विसानं बरोबर राहते. मी म्हटलं, तुझ्याकडे काय राहतं ते मला सांगू नको. आणि माझा तिच्यावर भरोसा नव्हता म्हणून मी अट घातली की रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि सुई भरून मला दाखवायची.

पहिल्याच सकाळी तिनं फोन लावला. मी अकोल्यात गॅसजवळ उभी, ती अमरावतीत मायच्या पलंगाजवळ. तिनं सुई कॅमेऱ्यासमोर धरली. मी म्हटलं, आडवी धर, खूण दिसू दे. खूण चौतीसचीच होती. पण सुई जवळजवळ काठोकाठ भरलेली दिसत होती, माझ्याकडे तेवढ्याच आकड्याला तिसरा हिस्साच भरायची. क्षणभर मनात आलं, हिनं पाणी तर नाही ओढलं? मग वाटलं, कॅमेऱ्यात मोठं दिसत असेल. मी म्हटलं, दे. तिनं माझ्यासमोर दिली. उंटावरून शेळ्या हाकायची हौस मला, दुसरं काय.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, खिडकीवर एक शेतकरी सातबारा घेऊन भांडत असताना फोन वाजला. वहिनी होती.

"बाई, माय घामानं ओलीचिंब झाली. मले वळखून नाई राहिली. भलतंच बोलून राहिली. मी साखरेचं पाणी पाजतो."

मी ओरडलेच. "खबरदार साखर दिली तर. आधी मशीन लाव."

"मशीन मंग लावीन," ती म्हणाली आणि फोन कापला.

मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. मी काय समजले असेन, सांगा. मला वाटलं, हिनं सकाळी मायला काहीतरी खाऊ घातलं, शुगर एकदम चढली, आणि आता ही वरून साखर पाजून माझ्या मायचा जीव घेते. साहेबांना एका वाक्यात सांगून मी निघाले, घरी जाऊन पर्समध्ये माझ्या सुयांचं पाकीट टाकलं, कारण तिकडं गेल्यावर सगळं मी माझ्या हातानं करणार होते, आणि बस धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात वहिनीला जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मूर्तिजापूरच्या पुढं भावाचा फोन आला. जयभीम म्हणाला, घाबरू नको म्हणाला, मायला दवाखान्यात आणलंय, शुद्धीवर आहे. मी विचारलं, शुगर किती निघाली? तो म्हणाला, साखर पाजल्यावरही पन्नासच्या आत होती.

पन्नासच्या आत. चढली नव्हती, उतरली होती. वहिनीनं माझं ऐकलं असतं, मशीन शोधत बसली असती, तर माय त्या पलंगावरच गेली असती. बसमध्ये मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला.

दवाखान्यात माय सलाईनवर झोपली होती. रंग मातीसारखा झालेला, पण श्वास सरळ चालू होता. तिथल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या, शांतपणे बोलत होत्या. त्यांनी वहिनीकडून बाटली आणि लाल टोपणाची सुई मागवून घेतली होती. मला विचारलं, तुमच्याकडे कोणती वापरता? मी पर्समधून नारिंगी टोपणाचं पाकीट काढून दिलं. त्यांनी दोन्ही सुया टेबलावर शेजारी ठेवल्या. लांबीला सारख्या, जाडीला सारख्या. लाल टोपणाच्या सुईवर खुणा चाळीसपर्यंत, नारिंगीवर शंभरपर्यंत. आणि बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, एका मिलीलिटरमध्ये चाळीस युनिट. त्या म्हणाल्या, ही बाटली या लाल सुईसाठीच आहे, नारिंगी सुई शंभरवाल्या बाटलीची. आणि समजावायला लागल्या.

मला समजावायची गरज नव्हती. तेवढ्याच वावराचे कोणी चाळीस तुकडे पाडले, कोणी शंभर. शंभरातला एक तुकडा चाळिसातल्या तुकड्याएवढा कसा असेल? अडीच पटीचा फरक. मी वीस म्हणून देत होते तेव्हा मायच्या अंगात आठ जात होते. चौतीस म्हणून देत होते तेव्हा चौदासुद्धा नाही. आणि तेच चौतीस काल मी अमरावतीला पाठवले, तिथल्या सुईत ते खरेखुरे चौतीस झाले, आणि कॅमेऱ्यात बघून मीच दे म्हटलं. खिडकीवर रोज शंभर माणसांना कशातला आकडा म्हणून विचारणारी मी, मायच्या सुईला एकदाही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती. दोन्ही सुया तिच्या हातात देऊन मी तिला सांगितलं. तिनं त्या उजेडात धरून खुणा वाचल्या. मग म्हणाली की तिला वाटायचं, मी तिकडं मायला सुई देतच नाही, कंटाळा करते, म्हणून माय माझ्याकडून आली की तिची साखर चढलेली असते. भावाला तिनं तसं बोलूनही दाखवलं होतं. म्हणजे दोन वर्षं ती माझ्यावर डोळा ठेवून होती आणि मी तिच्यावर. मला त्याचा रागही आला नाही. मी तिला म्हटलं, तू आज माझं ऐकलं नाहीस, ते बरं केलंस. ती म्हणाली, आयकायले येळ कुठं होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी माय उठून बसली. वार्डात ऊन आलं होतं, वहिनी घरून पेज घेऊन आली होती. मी मायजवळ पलंगावर बसले. कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून सगळं एका दमात सांगितलं. सुई चुकीची होती. माझ्याच घरची. तुझी साखर त्यानं वाढत होती, खाण्यानं नाही.

मायला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं पुन्हा सांगायला लावलं. मग माझ्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "म्हंजे मी नोती खात?"

मी म्हटलं, नाही माय, तू नव्हती खात.

"मले वाटे, झोपीत उठून खात असन. मशीन काई खोटं बोलते का? तू एवढी शिकलेली, तू तरी कावून खोटं बोलशीन?" ती म्हणाली. "म्हणून मंग निजतानी पदर पलंगाले बांधून निजो मी. उठली त जाग येईन म्हणून."

मला रडू आलं. वहिनीसमोर, नर्ससमोर, सगळ्यांसमोर मी रडले. आपण बाईमाणूस किती कठोर असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कुणाला सांगून हलकं होण्यासारखं नव्हतं. मायनं माझ्या पाठीवर हात फिरवला, पण तिचं माझ्याकडे फारसं लक्ष नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मोठी सुटका झाल्याचा भाव होता. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी बाई होती, चांदूर रेल्वेकडची. माय तिच्याकडे वळून म्हणाली, आयकलं का बाई, मी नोती खात. त्या बाईला काय समजणार? तिनं मान हलवली. मग ताप बघायला नर्स आली, तिला मायनं तेच सांगितलं. फरशी पुसणारी बाई आली, तिलाही. भाऊ आला तर त्याला नीट बसूही दिलं नाही. सगळं सांगून झालं की प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, ही माई पोरगी हाय, इले इचारा. मग ती माणसं माझ्याकडे बघायची, आणि मी प्रत्येकाला सांगायची, हो, माय नव्हती खात.